‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ : एका जहाजाची गोष्ट



वडशाची आपण मुले वैनगंगेतला डोंगा पाहून मोठी झालो. समुद्र पुस्तकातच भेटला. तरी आज मी एका जहाजाबद्दल बोलणार आहे. बाबासाहेबांच्या चरित्रात ते एका ओळीत येऊन जाते.

४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते पी. अँड ओ. कंपनीच्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने. ग्लासगोत बांधलेले हे जहाज १९२९ साली लंडन-मुंबई मार्गावर आले. आत पोहण्याचा तलावसुद्धा होता. मला मात्र त्याचे इंजिन जास्त आवडते. वाफेने टर्बाइन फिरे, त्यातून वीज तयार होई आणि त्या विजेच्या मोटारींवर प्रोपेलर चालत. थोडक्यात, जहाजाच्या पोटात एक वीजकेंद्रच! चंद्रपूरच्या शेजाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको.

१९३५ साली पोर्तुगालजवळ ‘डोरिक’ जहाजाला टक्कर झाली, तेव्हा याच जहाजाने तिथल्या २४१ प्रवाशांना उचलून घेतले. १९४० मध्ये सरकारने ते सैन्य वाहून नेण्यासाठी घेतले. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत सैनिक उतरवून परतताना, ११ तारखेला, ओरानजवळ जर्मन पाणबुडीने ते बुडवले. चौघे गेले, बाकीचे वाचले.

पी. अँड ओ.च्या जहाजांवर डेकवर कोकणातले खलाशी आणि जेवणघरात गोव्याचे लोक राबत. शांततेत प्रवासी, युद्धात सैनिक. वरचे लोक बदलले, खालचे काम तेच राहिले. त्या युद्धात हजारो भारतीय खलाशी समुद्रात गेले. प्रवाशांची नावे इतिहासात आली, त्यांची क्वचितच.

माझ्या क्षेत्रातही रात्रभर सर्व्हर सांभाळणाऱ्याचे नाव ग्राहकाला कधी कळत नाही. म्हणून संपादक मंडळाला एक विनंती आहे. या स्मरणिकेत गुरुजनांच्या यादीशेजारी घंटा देणारे काका, पाणी भरणाऱ्या मावशी आणि कार्यालयातले बाबू यांचीही नावे छापावीत. ती सांगू शकणारे आज या सभागृहात बसले आहेत. चहाच्या वेळेला आठवून लिहून द्या.