निळूभाऊ : एक ऋण
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निवर्तले. ती वार्ता छापलेले वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी आपल्या वाचनकक्षातील लांब टेबलावर पडले होते. त्याभोवती जमलेल्या मंडळींत आपल्या एक वयोवृद्ध सभासद भगिनी होत्या. ‘मेला’ याखेरीज दुसऱ्या शब्दाने त्यांनी निळूभाऊंचा उल्लेख केल्याचे मला स्मरत नाही. त्या दिवशी मात्र त्या पदराने डोळे टिपत होत्या.

१९५६ च्या प्रांतरचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे मराठी चित्रपट पाहायचा म्हणजे आपल्याला रावेर-भुसावळ गाठावे लागे. रावेर तालुक्यातील माझ्या आजोळी जत्रेत तंबू लागे. तेथेच बालपणी मी निळूभाऊंना प्रथम पाहिले. धोतराचा सोगा, तिरपी टोपी आणि ती आपादमस्तक न्याहाळणारी नजर! खेळ संपल्यावर परतताना माझी मामी म्हणाली, “ह्या मेल्याला घरची माणसं जेवायला तरी कशी वाढत असतील?”

हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर मला पडद्यावर सापडले नाही. त्यांच्या चरित्रात सापडले. १९३० साली जन्मलेले निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु भांडवलाअभावी ती राहून गेली. हा पैसा उरलासुरला नव्हता, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडदा. १९७२ साली ते तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर झाले. (सखाराम पुस्तके बांधणारा, म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीतला, पण त्याला घरात घेण्यास कोणते ग्रंथालय धजले असते?) ते नाटक परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले. ‘सामना’तील त्यांचे हिंदुराव धोंडे पाटील मला सर्वश्रेष्ठ वाटतात. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. आणि हा साखरसम्राट आवाज चढवीत नाही, आर्जवाने बोलतो. त्या आर्जवाचीच भीती वाटते. माझे मत असे की, सत्तेकडे खालून, बागेतल्या वाफ्यात बसून पाहिलेल्या माणसालाच ती इतकी अचूक वठवता येते. ‘बाई, वाड्यावर या’ एवढ्यावर त्यांची नक्कल भागवणाऱ्यांना ‘सिंहासन’मधला, अखेरीस भ्रमिष्ट होणारा पत्रकार दिगू आठवत नाही, याचे वाईट वाटते.

१९८० च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत डॉ. लागू आणि निळूभाऊ त्या कामात होते. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून या नटमंडळींनी पैसा जमवला आणि त्याच्या व्याजातून समाजासाठी पूर्णवेळ झटणाऱ्या कार्यकर्त्यांना मासिक मानधन मिळू लागले. भाषेचा शिक्षक म्हणून माझे लक्ष त्या नावाकडे जाते. ते दान नव्हे, साहाय्यही नव्हे, कृतज्ञता! देणारा येथे ऋणको आहे. याचक दाराशी येण्यापूर्वीच आपण त्याचे देणे लागतो, ही जाणीव त्या माळ्याच्या दहा रुपयांत आधीच होती. मी स्वतः महाविद्यालयात नोकरीस लागल्यावर पहिल्या पगारात घड्याळ घेतले. माझा एक वर्गमित्र तेव्हा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून आदिवासी पाड्यांवर काम करीत होता. त्याचे कसे भागते, हे मी त्याला कधी विचारले नाही. आज तो हयात नाही.

निळूभाऊ गेले त्या पावसाळ्यात मी आजोळी गेलो होतो. मामी थकली होती. तिला मी हे दहा रुपयांचे, बागेचे, नाटकाच्या दौऱ्यांचे सारे सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग म्हणाली, “मग ती सोंगं कशी रे करत होते ते?”

उभ्या आयुष्यात मामीच्या तोंडून त्यांच्यासाठी ‘ते’ हा शब्द मी प्रथमच ऐकला.