कापडात विणलेली वीज



चैत्र लागला की खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले भाविक आपल्या कळवण तालुक्याच्या रस्त्यांवर दिसू लागतात. दिवसा ऊन सोसवत नाही, म्हणून पुष्कळजण रात्री चालतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की आपला शेतकरी कांद्याला पाणी भरायला अंधारात बांधावर उतरतो. पायाखाली साप असेल, पलीकडे बिबट्या असेल, ही धास्ती असतेच. एका हातात टॉर्च धरला की फावड्याला एकच हात उरतो. या माणसांच्या अंगातला कपडाच वीज साठवू लागला, तर दोन्ही हात मोकळे राहतील आणि मागून येणाऱ्या गाडीलाही माणूस दिसेल. जगात अशा कापडी बॅटऱ्यांवर काम सुरू आहे. आज त्याविषयी बोलायचे आहे.

बॅटरीचे मूळ तसे साधे आहे. दोन वेगवेगळे पदार्थ, त्यांच्यामध्ये क्षाराचे द्रावण आणि दोघे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक पडदा. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे ठेवली, तेव्हा धातूच्या चकत्यांमध्ये त्याने मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड किंवा पुठ्ठा घातला होता. कापडाने विजेच्या साठ्यात पहिल्या दिवसापासून काम केले आहे. आपल्या टॉर्चच्या साध्या सेलमध्येही जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड असते. त्या सेलसाठी लागणारे मँगनीजचे खनिज आपल्याच भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते.

कापडाची बॅटरी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, तयार कापडावर थर चढवण्याचा. २०१० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई यांच्या गटाने सुती कापड कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या शाईत बुडवून वाळवले. त्या कापडातून वीज वाहू लागली. सुताला शाई शोषून घेण्याची सवय असते, तीच इथे उपयोगी पडली. दुसरा मार्ग धाग्यालाच बॅटरी बनवण्याचा. चीनमधील फुदान विद्यापीठात पेंग हुइशेंग यांच्या गटाने २०२१ साली लिथियमच्या बॅटरीचा लांबच लांब धागा तयार केला आणि तो कारखान्यातल्या रॅपियर मागावर विणून दाखवला. अशा मागांवर इचलकरंजीत रोज कापड निघते.

त्या धाग्यात किलोमागे सुमारे ८५ वॉट-तास एवढी वीज मावते. याचा हिशेब करून पाहू. पाठीवर दहा छोटे एलईडी दिवे लावले आणि ते सहा तास जळत ठेवले, तर साधारण साडेतीन वॉट-तास वीज लागेल. म्हणजे असा धागा चाळीस-बेचाळीस ग्रॅम पुरेल. सदऱ्याला हे ओझे जड नाही. मोबाइल दिवसभर चालवायला मात्र यापेक्षा बरीच जास्त वीज लागते. म्हणून कापडी बॅटरीकडून आधी उजेडाची, अंगाचा ताप मोजण्याची, नाडीचे ठोके टिपण्याची अपेक्षा करावी. उन्हाळ्यात कांदा काढणाऱ्या मजुराला उष्माघाताचा इशारा वेळेवर मिळाला, तरी जीव वाचेल.

आता खऱ्या परीक्षेकडे येऊ. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्यांतले द्रावण पेट घेणारे असते. अंगाला चिकटलेल्या वस्तूत तो धोका नको, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या जस्ताच्या बॅटरीकडे अनेकांचे लक्ष वळले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०२१ साली जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची भुकटी रबरासारख्या पदार्थात मिसळून ताणली जाणारी बॅटरी केली. ती धुलाईयंत्रात ३९ वेळा धुतल्यावरही चालली. ही मोठी मजल आहे. पण आपल्या खेड्यांत कपडा दगडावर आपटला जातो, पिळला जातो, कडक उन्हात वाळत घातला जातो. वर घाम, माती आणि फवारणीचे औषध. ही परीक्षा आपणच घेतली पाहिजे. ती परदेशातील प्रयोगशाळेत कोणी घेणार नाही.

आणि ती परीक्षा घेण्याची ताकद आपल्याकडे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पातळ थरांच्या रसायनविद्येत आणि वीज झटपट साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरवर मोठे काम उभे केले. त्यांनी वापरलेल्या एका पद्धतीत वस्तू एका द्रावणात बुडवायची, धुवायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. रंगारी सुताच्या लडीला रंग चढवतो, तसाच हा प्रकार. महागडी यंत्रे त्याला लागत नाहीत.

आपल्या नाशिक जिल्ह्यातच पैठणी विणणारे येवला आहे. पैठणीच्या अस्सल जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्यावर धातूची चपटी, बारीक तार गुंडाळलेली असते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी १९९७ च्या सुमारास विजेचे कापड करून पाहिले, तेव्हा त्यांनीही तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेले रेशमी धागे असलेले कापड निवडले होते. धातूचा धागा किती ताणला तर तुटतो, तो ताण्यात बसेल की बाण्यात, काठात किती दाट भरता येतो, हे येवल्याच्या विणकराच्या बोटांना ठाऊक आहे. हे ज्ञान शोधनिबंधात सापडत नाही.

आणखी एक गोष्ट बायकांना विचारली पाहिजे: कपडा जुना झाल्यावर त्याचे काय होते? आपल्या घरात कपडा फाटला म्हणून टाकून देत नाहीत, त्याची गोधडी होते. बॅटरीच्या कापडाची गोधडी करता येणार नाही. त्यातली रसायने तान्ह्या मुलाच्या अंगाखाली नकोत. म्हणून बॅटरीची पट्टी कपड्यातून उसवून काढता यावी, अशीच तिची रचना हवी. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम केंद्र सरकारने २०२२ साली केले आहेत. ही पट्टी परत घेण्याची सोय कळवणच्या आठवडे बाजारापर्यंत पोचली, तरच त्या नियमांचा इथे उपयोग.

माझे म्हणणे एवढेच आहे. कापडी बॅटरीचा प्रश्न जितका रसायनाचा, तितकाच विणण्याचा, धुण्याचा आणि घालण्याचा आहे. म्हणून विद्यापीठांनी असा प्रकल्प हाती घेताना विणकराला पहिल्या दिवसापासून मानधन देऊन सोबत घ्यावे. त्याच्या कौशल्यातून काही नवे निघाले, तर पेटंटमध्ये त्याचा वाटा असावा. चाचणीसाठी शेतमजूर, पाणी भरणारा शेतकरी आणि कपडे धुणारी बाई यांचे मत नोंदवावे. आणि आपल्या तालुक्यातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हा विषय परका मानू नये. मँगनीज, कापूस, जरीचे विणकाम आणि माग हे सगळे महाराष्ट्रात आहे. त्यांना एकत्र आणणारी माणसे हवी आहेत, आणि ती तुमच्यातूनच पुढे यावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.