भाडं किती, आणि वर काय?

मी कसाऱ्याचा. मुंबईच्या लोकलवर ‘कसारा’ ही पाटी लाखो लोक वाचतात, पण गाव म्हणून ते थोड्यांनाच ठाऊक असतं. गाडी जिथे संपते ती जागा, एवढीच आमची ओळख. सीएसएमटीहून सुटलेली लोकल सुमारे १२० किलोमीटर धावून आमच्याकडे थांबते. पुढे घाट लागतो. मेल-एक्सप्रेसना मागून जादा इंजिनं जोडून इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात, लोकल मात्र घाट चढत नाही. मग ज्याला इगतपुरी, घोटी, नाशिक गाठायचंय त्याच्यासाठी स्टेशनाबाहेर जीप आणि टॅक्स्या उभ्या असतात. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या लोकलने पाठीवर बोचकी घेतलेली पोरं उतरतात. कुणाला रतनगडासाठी रतनवाडीला जायचं असतं, कुणाला सांधण दरीसाठी साम्रदला, कुणाला अलंग-मदन-कुलंगसाठी आंबेवाडीला. त्यांनाही गाडी लागते. थोडक्यात काय, भाड्याची गाडी ठरवणं ही आमच्या गावची रोजची विद्या आहे.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, त्यांनी तीस वर्षं या स्टँडवर जीप चालवली. मी बी.ए. होऊन एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेब लिहायला बसलो आणि उरलेल्या वेळात कविता करू लागलो. आज मात्र कवितेवर बोलणार नाही. आज बोलायचंय ते परदेशात गेल्यावर परवडेल अशी गाडी भाड्याने कशी मिळवावी, यावर. कसाऱ्याच्या माणसाने परदेशातल्या गाड्यांवर बोलावं, याचं कुणाला हसू येईल. पण आता आपल्याकडची साधी माणसंही परदेशी जातात. कुणाचा मुलगा शारजात नोकरीला, कुणाची लेक मेलबर्नला. फिरायला म्हणून नव्हे, नातवंडांना पाहायला म्हणून जातात. अशा घरांत तिकिटाचे पैसे कसेबसे जमवलेले असतात आणि गाडीच्या भाड्याचा विचार तिथे उतरल्यावर होतो.

आमच्याच घरचं सांगतो. माझा भाचा मॉरिशसमध्ये एका हॉटेलात नोकरीला आहे. २०२३ मध्ये त्याला मुलगी झाली. आमच्या अम्मीचं वय तेव्हा ७८. दोन्ही गुडघे गेलेले. तिने एकच धोशा लावला, पणतीचं तोंड पाहायचंय. बहीण बाळंतपणासाठी आधीच तिकडे पोहोचली होती. मी, माझी पत्नी, अम्मी आणि भाईजानचा मुलगा असे चौघे जायचं ठरलं. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही, ती एक कटकट वाचली. पण विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि भाचा राहतो उत्तर टोकाला, ग्राँ बेच्या बाजूला. अंतर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कसारा ते नाशिक. तिकडे बस जवळपास सगळीकडे जातात, पण संध्याकाळनंतर मिळेनाशा होतात. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रोही आहे, पण ती उत्तरेकडे जात नाही. शिवाय बसच्या पायऱ्या अम्मीला चढवत नाहीत. गाडी हवीच होती.

आमच्या स्टँडवर मुरलेला गिऱ्हाईक गाडी ठरवताना नुसतं ‘किती घेणार’ असं विचारत नाही. तो विचारतो, “भाडं किती, आणि वर काय?” या ‘वर काय’मध्ये सगळं येतं. टोल कुणाचा? थांबावं लागलं तर वेटिंग किती? रात्र काढली तर ड्रायव्हरचा भत्ता किती? सोडून यायचं असेल तर रिकाम्या परतीचं भाडं कुणी द्यायचं? गाडी रिकामी आली तरी डिझेल तेवढंच पितं. त्यामुळे एकेरी प्रवासाला निम्मं भाडं कधीच पडत नाही.

परदेशातल्या कंपन्यांची पत्रकं मी पुतण्याला घेऊन वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की ही सगळी आमच्या ओळखीचीच मंडळी आहेत, फक्त कपडे बदललेत. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर ‘वन-वे फी’ लागते. हे आमचं रिकाम्या परतीचं भाडं. रात्री उशिरा गाडी ताब्यात घेतली तर जादा आकार. ही आमची रात्रपाळी. तिकडचा दिवस बहुधा गाडी घेतल्या वेळेपासून २४ तासांचा धरतात. सकाळी दहाला घेतलेली गाडी दुपारी एकला परत केली, तर पुष्कळ ठिकाणी आणखी एका दिवसाचं भाडं लावतात. हे आमचं वेटिंग. विमानतळावरच्या खिडकीवर तीच गाडी शहरातल्या दुकानापेक्षा महाग पडते, कारण विमानतळाचा आकार त्यात धरलेला असतो. स्टेशनाच्या दारातली टॅक्सी आणि नाक्यावरची टॅक्सी यातला फरक आपल्याला नवा नाही.

पण एक गोष्ट आमच्या स्टँडवर कधीच नव्हती, ती म्हणजे डिपॉझिट. कसाऱ्याला गाडीबरोबर ड्रायव्हर येतो. गाडी त्याच्या नजरेखाली असते, म्हणून मालक गिऱ्हाइकाकडे तारण मागत नाही. परदेशात गाडी आपल्या हातात देतात आणि ड्रायव्हर येत नाही. त्याच्या जागी अनामत रक्कम येते. ती बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, आणि कार्डही गाडी चालवणाराच्या स्वतःच्या नावाचं लागतं. आमच्या अख्ख्या कुटुंबात क्रेडिट कार्ड एकाकडेही नव्हतं. आमच्यासारख्या घरांत उधारीचं कार्ड नसणं ही शिस्त मानतात. तिथे तीच अडचण ठरली. आठवड्याचं भाडं मोजायला पैसे होते, पण कंपनीच्या लेखी आम्हाला पत नव्हती. बोलायचं आहे ते नेमकं याच गोष्टीवर. स्वस्त गाडी शोधताना माणूस दिवसाचा दर पाहतो, पण साध्या माणसाला अडवते ती अनामत.

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे समजुतीपुरते आहेत, कुठल्या कंपनीचे नव्हेत. समजा, एक गाडी दिवसाला २,२०० रुपये आणि दुसरी २,८००. सहा दिवसांचे पहिलीचे झाले १३,२००, दुसरीचे १६,८००. पहिली स्वस्त वाटते. पण पहिलीत पूर्ण विमा वेगळा, दिवसाला ९०० प्रमाणे ५,४००. दुसरा चालक नोंदवायचे दिवसाला ३००, म्हणजे १,८००. विमानतळाचा आकार १,५००. बेरीज आली २१,९००. दुसरीत हे सगळं धरलेलं. म्हणजे महाग दिसणारी गाडी ५,१०० रुपयांनी स्वस्त निघाली. शिवाय ज्या गाडीचा विमा कमी, तिची अनामत जास्त, हेही ठरलेलंच. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला भाडं लिहा, उजव्या बाजूला ‘वर काय’ लिहा, आणि दोन्हींची बेरीज करूनच तुलना करा. अनामतीचा आकडा बेरजेत न धरता खाली वेगळा लिहा. ती परत मिळते, पण प्रवासात तेवढे पैसे आपल्या हाताशी नसतात.

विम्याबद्दल दोन शब्द. कंपन्या ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ असं भारदस्त नाव सांगतात. ऐकून वाटतं, काही झालं तरी आपल्याला काही भरायचं नाही. तसं नसतं. नुकसानीचा ठरावीक पहिला हिस्सा आपणच भरायचा असतो, त्याला ‘एक्सेस’ म्हणतात. काच, टायर आणि गाडीची खालची बाजू पुष्कळदा या विम्यातून वगळलेली असते. तेव्हा विचारायचं ते असं, एक्सेस किती, आणि विम्यात काय नाही? गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टायरांचे आणि काचेचे फोटो काढा. जुना ओरखडा कागदावर लिहून घ्या. पेट्रोल ‘फुल टू फुल’ ठरवा, म्हणजे भरलेली टाकी घ्यायची आणि भरून द्यायची. टाकीचे पैसे आधी घेणाऱ्या योजनेत उरलेलं पेट्रोल बहुधा कंपनीच्या पदरात पडतं.

कार्ड वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून देतात. परदेशी वापर आपण बँकेला सांगून किंवा मोबाइलवरून सुरू करायचा असतो. तो घरूनच सुरू करा. तिथे मशीनवर ‘रुपयांत घ्यायचे का?’ असा प्रश्न आला तर नको म्हणा आणि तिथल्या चलनात द्या. रुपयांतल्या सोयीचा दर बहुधा आपल्याला महाग पडतो. काही दुकानं डेबिट कार्ड घेतात, पण तिथे अनामत अडकत नाही, खात्यातून खरोखर वजा होते आणि परत यायला दिवस लागतात.

लायसन्सचं काय, असं पुष्कळजण विचारतात. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार आपल्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. फॉर्म ४-ए भरायचा, पासपोर्ट आणि चालू लायसन्स जोडायचं, आरटीओकडे १,००० रुपये शुल्क. मुदत एक वर्ष. तो स्वतंत्र लायसन्स नव्हे, आपल्या लायसन्सची ओळख आहे. म्हणून मूळ लायसन्स बरोबर हवंच. प्रत्येक देशाचा नियम वेगळा. चीन हा परवाना मानतच नाही. तेव्हा निघण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारून घ्या. आणि रस्त्याची बाजू पाहा. मॉरिशस, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, जपान, ऑस्ट्रेलिया इथे आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालवतात. आखाती देशांत आणि अमेरिकेत उजवीकडून. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा फरक भाड्याइतकाच महत्त्वाचा मानावा.

तिथे ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी म्हणतोच, “कंपनीत कशाला जाता, माझ्या मेव्हण्याची गाडी घ्या, निम्म्यात.” हाही प्रकार आम्हाला नवा नाही. आपल्याकडे भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी असते, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, आणि खाजगी गाडीची पाटी पांढरी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. परक्या मुलखात ती जोखीम कुणी उचलायची? भाईजान फोनवरून एवढंच म्हणाले, “अम्मी गाडीत असेल. कागद नसलेल्या गाडीत बसू नका.”

मग आम्ही काय केलं? कागदावर बेरीज मांडली आणि ठरवलं की सहा दिवस गाडी लागतच नाही. अम्मीला बाहेर पडायचं होतं तीनच दिवस. येण्याचा, जाण्याचा, आणि मधे एकदा. बाकी दिवस ती पणतीला मांडीवर घेऊन बसणार होती. त्या तीन दिवसांसाठी भाच्याने परवानाधारक टॅक्सी ठरवून ठेवली, ड्रायव्हरसकट. तिथेही टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घेण्याचा रिवाज आहे. पुतण्याने फोनवर विचारलं ते आमच्या स्टँडचंच वाक्य, फक्त हिंदीत. ड्रायव्हर आला म्हणजे अनामत गेली. क्रेडिट कार्डाची गरजच उरली नाही. उरलेले दिवस आम्ही तिघं बसने हिंडलो.

मधल्या दिवशी व्हाक्वाच्या बाजूला काही मराठी घरांत आमचं बोलावणं होतं. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मी तिथे दोन कविता वाचल्या. ड्रायव्हर बाहेर थांबला नाही, आत येऊन चहा घेऊन अम्मीशेजारी बसला. तो भोजपुरी मिसळलेल्या हिंदीत बोले, अम्मी आमच्या कसाऱ्याच्या हिंदीत. परतताना उतारावर अम्मीचे पाय आखडले, तेव्हा त्याने न सांगता गाडी थांबवली आणि दार उघडून तिला दहा मिनिटं उभं राहू दिलं. वेटिंग लावलं नाही.

ज्यांच्याकडे कार्ड आहे, हातात सराव आहे, त्यांनी जरूर स्वतः गाडी चालवावी. अडलेल्या वेळी मोकळेपणा मिळतो. पण ज्यांच्याकडे कार्ड नाही, त्यांनी कमीपणा मानू नये. किती दिवस गाडी खरोखर लागते ते आधी मोजा. मग दर, वरचा खर्च आणि अनामत हे तीन आकडे वेगळे लिहा. आणि आपल्याबरोबर म्हातारं माणूस असेल तर चौथा प्रश्नही विचारा, वाटेत थांबायचं म्हटलं तर थांबता येईल का? आमच्या स्टँडवर हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही. परदेशात तो भाड्याआधी विचारावा, एवढंच सांगायचं होतं.