तडा अडविणारा धागा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी उद्यमनगरात किंवा शिरोलीला फौंड्रीत काम करते. त्यांना विचारा, थंड लॅडलमध्ये एकदम रस का ओतत नाहीत? ओतला तर आतले अस्तर तडकते. बिडाचा रस सुमारे 1,400 अंश सेल्सिअसचा. तेवढी उष्णता अस्तर सोसते, परंतु अचानक बसलेला झटका सोसत नाही. चिनी मातीच्या कपाचेही तेच. एक बारीक चीर पडली की ती आरपार जाते.

आपल्या आजी-पणजी भिंतीच्या मातीत भुसा कालवीत, तो या चिरांसाठीच. पण भुसा आगीत जळतो. म्हणून शास्त्रज्ञांनी केसाहून बारीक असे कार्बनचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे धागे घेतले. यांपैकी दुसऱ्या धाग्याची रीत जपानचे प्राध्यापक याजिमा यांनी 1975 साली प्रसिद्ध केली.

आता एक कृती पाहा. प्रथम कार्बनच्या धाग्यांचे कापड विणतात. होय, विणकामच! त्याचे थर साच्यावर रचून रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवितात आणि हवा लागू न देता भाजतात. रेझिनचा कोळसा होतो, त्यात असंख्य पोकळ्या राहतात. मग निर्वात भट्टीत वितळलेले सिलिकॉन, वातीत तेल चढावे तसे, त्या पोकळ्यांत शिरते आणि कोळशाशी संयोग पावून सिलिकॉन कार्बाइड बनते. सिलिकॉन वितळते 1,414 अंशांवर. म्हणजे जवळजवळ आपल्या फौंड्रीतलीच उष्णता!

खरी मेख पुढे आहे. धागा भोवतालच्या द्रव्याला फार घट्ट चिकटला तर सारे श्रम फुकट. चीर धाग्यासकट सर्व कापीत जाते. म्हणून धाग्यावर आधी पातळ लेप देतात. मग चीर धाग्यापाशी येऊन वळते, धागा किंचित सरकतो आणि वस्तू एकदम फुटत नाही. घट्ट धरायचे, पण फार घट्ट नाही. मला तरी या साऱ्या विद्येत हेच सर्वांत अवघड वाटते.

2024 साली इस्रोने याच घराण्यातले, कार्बन धाग्यांचे नॉझल पी.एस.एल.व्ही. रॉकेटच्या चौथ्या टप्प्यासाठी बनविले. नॉझल म्हणजे तप्त वायू बाहेर पडण्याचे तोंड. कार्बन तापला की हवेत जळतो, म्हणून त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप. पूर्वीच्या धातूच्या नॉझलपेक्षा वजन 67 टक्क्यांनी कमी, त्यामुळे रॉकेट 15 किलो अधिक भार नेऊ शकते.

भट्टीचे काम म्हणजे न शिकलेल्यांचे काम, असे आपल्यात अजून काही पालक म्हणतात. या भट्टीला तर रसायन जाणणारा, यंत्र जाणणारा आणि विणकर, तिघेही लागतात.

मुलांनो, घरी मातीच्या दोन वड्या थापा. एक नुसत्या मातीची, दुसरीत काथ्याचे धागे. सावलीत पुऱ्या वाळवा आणि मोडून पाहा. दुसरीचे तुकडे धाग्यांना लोंबत राहतील. त्यातले कोणते धागे तुटले आणि कोणते मातीतून सरकून बाहेर आले, ते मोजा.