मॅक्स श्मेलिंग : मुष्टियोद्धा आणि छत्रीसैनिक



जत्रेच्या फडात आपल्या गावचा पहिलवान जिंकला की सगळा गाव फेटे उडवतो. कुस्ती मारलेली असते त्या एकट्याने, पण छाती फुगते सगळ्यांची. यात वावगे काही नाही. मात्र एखादे सरकारच पहिलवानाच्या खांद्यावर बसून मिरवू लागले तर त्या पहिलवानाचे काय होते, हे पाहण्याजोगे आहे. म्हणून आज जर्मनीचा मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग याची हकीकत आपल्याला सांगणार आहे. दुसऱ्या महायुद्धात हा गडी हवाई छत्रीने क्रीट बेटावर उतरला होता.

श्मेलिंगचा जन्म १९०५ सालचा. १९३० साली तो मुष्टियुद्धात सर्वांत वरच्या वजनगटाचा जगज्जेता झाला. दोन वर्षांनी ते पद गेले. पुढे १९३६ साली त्याची गाठ पडली अमेरिकेच्या जो लुईशी. हा तरुण निग्रो मुष्टियोद्धा तोवर कोणाकडून हरलेला नव्हता. श्मेलिंगने काय केले? लुईच्या लढतींच्या फिल्मी पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि त्यात त्याला एक खोट सापडली. डाव्या हाताने ठोसा मारला की लुई तो हात किंचित खाली आणतो. बस्स, तेवढी फट पुरली. बाराव्या फेरीत लुई आडवा झाला.

आता खरी गंमत पुढेच आहे, बरं का. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती. जर्मन वंश सर्वांत श्रेष्ठ, हे त्याचे पालुपद. त्याने श्मेलिंगला आपल्याकडे जेवायला बोलावले. लढतीची फिल्म देशभर दाखवली गेली. एका माणसाचा विजय साऱ्या वंशाचा ठरवला गेला. श्मेलिंगनेही हा मान घेतला, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या दोन गोष्टीही खऱ्या आहेत. तो हिटलरच्या पक्षात कधी सामील झाला नाही. त्याचा अमेरिकेतला व्यवस्थापक ज्यू होता. त्याला सोड, असा दबाव आला तरी श्मेलिंगने त्याला सोडले नाही.

१९३८ साली लुईशी पुन्हा झुंज झाली. या खेपेस दोन मिनिटे आणि चार सेकंदांत सगळा निकाल लागला. श्मेलिंगच्या पाठीच्या मणक्याला मार बसला आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. विजयाच्या वेळचे भालदार-चोपदार आता कुठले दिसणार! त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनामंदिरे फोडली-जाळली गेली. त्या दिवसांत श्मेलिंगने आपल्या एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनच्या हॉटेलातल्या स्वतःच्या खोलीत लपवून ठेवले. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. त्या दोघांपैकी एकाने १९८९ साली भरसभेत सांगितली, तेव्हा ती जगाला कळली.

महायुद्ध पेटले आणि १९४० साली श्मेलिंगला सैन्यात भरती करून छत्रीसैनिकांच्या पथकात घातले. हे विशीतल्या पोरांचे काम. हा पस्तिशीचा, आणि पाठ आधीच दुखावलेली.

त्या वेळच्या जर्मन हवाई छत्रीची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. तिच्या दोऱ्या सैनिकाच्या पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेल्या असत. त्यामुळे विमानातून डोके पुढे करून, विहिरीत सूर मारावा तशी उडी घ्यावी लागे. हवेत असताना छत्री हवी तिकडे वळवता येत नसे. खाली येताना अंग पुढे झुकलेले, त्यामुळे हात आणि गुडघे आधी जमिनीला लागत. शिवाय बंदुका वेगळ्या पेट्यांतून टाकलेल्या असत. बहुतेक जणांजवळ पिस्तूल, सुरी आणि हातगोळे एवढेच. म्हणजे जमिनीला पाय लागल्यावर आधी आपली पेटी शोधायची, आणि तीही गोळीबारात.

२० मे १९४१ रोजी सकाळी ग्रीसच्या क्रीट बेटावर असे हजारो सैनिक उतरू लागले. त्यांचा सेनापती कुर्ट स्टुडंट. बेटावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि ग्रीक सैनिक होते, आणि त्यांचा प्रमुख होता जनरल फ्रायबर्ग. पहिल्याच दिवशी जर्मनांची भयंकर हानी झाली. कोणी हवेतच मेले, कोणी जैतुनाच्या झाडांत अडकले. क्रीटचे शेतकरीही घरात बसून राहिले नाहीत. म्हातारे, बायका, पोरे, जे हाती लागेल ते घेऊन धावली. जुनी बंदूक, कुऱ्हाड, कोयता, काहीही. तरीही मालेमे येथील विमानतळ जर्मनांच्या हाती पडला, त्यावर विमानांतून नवी कुमक उतरू लागली आणि १ जूनला लढाई संपली. जर्मनीचे सुमारे ४,००० सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर हिटलरने एवढी मोठी हवाई उडी पुन्हा घालू दिली नाही.

श्मेलिंग पहिल्याच दिवशी उतरला. पोटाच्या विकाराने तो हैराण होता. त्यात उतरताना पाठीला पुन्हा मार बसला. त्याच्या हातून रणांगणावर मोठा पराक्रम असा काही घडला नाही. पण वर्तमानपत्रांना धीर कुठला? परदेशांत तर तो मेल्याची बातमीही छापून आली. मेलेला श्मेलिंग अथेन्सच्या इस्पितळात खाटेवर पडून होता!

इथे त्याची खरी कसोटी लागली. जर्मन सरकारने आवई उठवली होती की, क्रीटमध्ये शत्रूने आमच्या जखमी सैनिकांचे हालहाल केले, प्रेतांची विटंबना केली. श्मेलिंगसारख्या नामवंताने याला दुजोरा दिला असता तर प्रचारमंत्री गोबेल्सला तो हवाच होता. एका अमेरिकन वार्ताहराने श्मेलिंगला याविषयी विचारले. त्याने सांगितले की, असले अत्याचार मी पाहिलेले नाहीत, ब्रिटिश सैनिक नेकीने लढले. गोबेल्स भडकला. श्मेलिंगवरची मर्जी उरलीसुरली असेल तीही गेली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्यात काय आहे? ऐका तर. याच आरोपांच्या आधारावर क्रीटच्या गावांवर सूड उगवला गेला. २ जूनला कोंडोमारी गावातल्या पुरुषांना जैतुनाच्या बागेत नेऊन गोळ्या घातल्या. ३ जूनला कांदानोस हे गाव माणसे मारून, घरे जाळून जमीनदोस्त केले. कोंडोमारीत गोळ्या झाडणारे छत्रीसैनिकच होते. पुढे जर्मन सैन्याच्याच न्यायाधीशाने चौकशी केली, तेव्हा विटंबनेची मोजकीच प्रकरणे निघाली, आणि तीही बहुतेक मृत्यूनंतरची. पण तोवर गावे बेचिराख झाली होती. आधी शिक्षा आणि मागून चौकशी, असा तो न्याय. श्मेलिंगच्या शब्दाने कोंडोमारीचा एकही माणूस परत आला नाही. पण त्या खोट्यावर त्याने आपल्या नावाचा शिक्का उमटू दिला नाही, एवढे मात्र खरे.

श्मेलिंगला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. हिटलरच्या पंगतीला तो बसला होता, आणि त्याच्या फौजेतून परक्या बेटावर उतरला होता. युद्धानंतर तो कफल्लक झाला. चाळिशी उलटल्यावर पोटासाठी पुन्हा रिंगणात उतरला. मग शीतपेयाच्या धंद्यात त्याने जम बसवला. १९५४ साली तो अमेरिकेत गेला आणि जो लुईला भेटला. ज्या दोघांना दोन देशांनी कोंबड्यांसारखे झुंजवले, ते जन्माचे मित्र झाले. लुईचे दिवस फिरले तेव्हा श्मेलिंगने त्याला पैशाची मदत केली. लुई १९८१ साली वारला. श्मेलिंग २००५ साली गेला, तेव्हा त्याला शंभरी गाठायला काही महिनेच उरले होते.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. युद्धाचा धडा शिकवताना सनावळ्या आणि सेनापती सांगाच, पण मुलांना एक प्रश्नही विचारायला शिकवा. शत्रूने अमुक केले, तमुक केले, अशी बातमी आली की विचारायचे : हे डोळ्यांनी पाहिले कोणी? आणि ज्याने पाहिले त्याला कोणी विचारले का? शेतात उभे पीक पाहिल्याशिवाय आपण आणेवारी मान्य करत नाही. मग माणसांच्या जिवाचा सौदा ऐकीव गोष्टीवर कसा करायचा?