टोमॅटोची मर : झाड आतून कसे हरते?



गेल्या खरिपात अवसरी खुर्दच्या एका दादांनी टोमॅटोचा प्लॉट पाहायला बोलावले. सकाळी टवटवीत दिसणारी झाडे दुपारी हिरवीच्या हिरवी माना टाकत होती. दादांनी दोनदा बुरशीनाशकाची आळवणी केलेली. पैसे गेले, झाडेही गेली; कारण ती मर बुरशीची नव्हती, जीवाणूची होती.

ओळख घरच्या घरी होते. मरत्या झाडाचे खोड जमिनीलगत कापा आणि कापलेले टोक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात स्थिर धरा. थोड्या वेळात दुधासारखी पांढरी तार खाली उतरली, तर जीवाणूच समजा. बुरशीच्या मरीत अशी तार निघत नाही.

या जीवाणूचे नाव राल्स्टोनिया. मुळांना खुरप्याने किंवा सूत्रकृमींनी जखम झाली, की तो आत शिरतो आणि प्रथिने सोडू लागतो. काही प्रथिने पेशींच्या भिंती विरघळवतात. काही त्याहून लबाड. जीवाणूच्या अंगावर सुईसारखी नळी असते. तिच्यातून ती थेट झाडाच्या पेशीत टोचली जातात. झाडालाही स्वतःची राखण असते. शत्रूची चाहूल लागली, की ते पेशीभिंती जाड करते, जंतूला मारक द्रव्ये बनवते. टोचलेली प्रथिने ही राखणच निजवतात. चोराने आधी कुत्र्याला गुंगीची भाकर टाकावी तसे! मग जीवाणू वाढतो, चिकट द्रवाने जलवाहिन्या तुंबतात आणि ओल असूनही झाड तहानेने मरते.

पण काही झाडे टोचलेले प्रथिन ओळखतात. ओळखताच तिथल्या पेशी स्वतः मरून रोगाची वाट अडवतात. म्हणून वाण निवडताना मर-प्रतिकारक पाहा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' तसा आहे. प्रतिकारक वांग्याच्या खुंटावरचे कलमी रोपही चालते. मात्र जीवाणूच्या जाती अनेक, तेव्हा नुसत्या वाणावर विसंबू नका.

वरून मारलेला फवारा जलवाहिनीतल्या जीवाणूपर्यंत पोचत नाही. टोमॅटोवर वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका; सगळी एकाच कुळातली. बटाट्याचे हे ऐकणे आपल्या भागात जड जाईल, पण बेण्यातूनही हा रोग येतो. मका, ज्वारी, बाजरीचा बेवड ठेवा. रोगट झाड मुळासकट उपटून जाळा. त्या वाफ्यातले पाणी पुढे सोडू नका.

दादांनी यंदा तिथे बाजरी पेरली आहे. उपटलेल्या झाडांचा ढीग मात्र पाटाच्या कडेलाच पडून होता. तो जाळायचे त्यांनी कबूल केले आहे.