‘मदत करते’ की ‘करते’?



गटात कधी ना कधी असा कागद समोर येतोच: “स्वतःबद्दल चार ओळी लिहा.” कर्जाचा अर्ज असतो, प्रशिक्षण असतं, गटाचा अहवाल असतो. मग आपण लिहितो, “मी घरकाम करते आणि शेतात मालकांना मदत करते.”

आता आपणच आपल्याला विचारू. चाड्यावर मूठ कोण धरतं? खुरपण कोण करतं? कापूस कोण वेचतं? नांदेड असो की लातूर, उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ‘मदत’ म्हटलं की काम दुसऱ्याचं होतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, काम आपण करतो, तर ‘करते’ असंच लिहू.

समजा, एका बाईनं लिहिलं: “माझे मालक २०१९ ला वारले आणि मी शेती करते आणि दोन लेकरं होती आणि शाळेत जातात आणि कर्ज फेडण्यात आलं.”

सगळं खरं आहे, पण वाचणारा अडखळतो. “दोन लेकरं होती” वाचून त्याला वाटेल, ती आता नाहीत की काय! “फेडण्यात आलं” म्हणजे कुणी फेडलं? घाम गाळून जिनं फेडलं, तीच वाक्यातून गायब.

तिच्याजवळ बसून विचारलं, की लिखाण असं होतं: “माझे मालक २०१९ साली वारले. तेव्हापासून तीन एकर शेती मी करते. त्या वेळी दोन्ही लेकरं लहान होती, आता शाळेत जातात. मालकांच्या नावचं कर्ज मी २०२२ साली फेडलं.”

आणखी एक गंमत बघा. “मी सोयाबीन पेरलं” हे वाक्य बाईचं की पुरुषाचं, कळत नाही. तिथं क्रियापद सोयाबीनच्या मागं जातं. “मी सोयाबीन पेरते” म्हटलं की बाई दिसते. म्हणून एकदा होऊन गेलेलं काम ‘केलं’ असं लिहू, रोजचं काम ‘करते’ असं लिहू, आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं काम ‘दहा वर्षांपासून करत आले आहे’ असं लिहू.

बोलताना आपण “मी करायले” म्हणतो. गटाच्या वहीत ते खुशाल लिहावं. दूरच्या साहेबाकडं जाणाऱ्या अर्जात मात्र ‘करते’ बरं, म्हणजे अर्थाचा घोळ होत नाही. साध्या बोलण्याची लाज कशाला? लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपात येऊ लागली आणि लोक ती आजही आवडीनं वाचतात. तिची भाषा घरातल्या बोलण्याचीच आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करू. एकीनं लिहिलेलं दुसरीनं मोठ्यानं वाचायचं. जिथं दम लागेल तिथं वाक्य तोडायचं, ‘आणि’ कमी करायचे. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून तीन प्रश्न विचारायचे: कुणी केलं? कधी केलं? अजून चालू आहे का? जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं, पण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये.

आपलं काम आपल्या नावानं कागदावर येऊ द्या.